जुनं सॉफ्टवेअर वेबवर नेताना: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या नव्या प्रोजेक्ट मॅनेजरसाठी

ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघ्याकडून तुर्भ्याला जाताना ऐरोली, रबाळे, महापे असा काचेच्या इमारतींचा आणि डेटा सेंटरचा पट्टा लागतो. त्यांच्याच मागच्या गल्ल्यांत टीटीसी औद्योगिक वसाहतीचे जुने गाळे आहेत, आणि तिथे अजूनही फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर बिलं निघतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येही तेच. स्टोअरचं सॉफ्टवेअर व्हीबी सिक्स या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतलं, पगाराचं वेगळ्याच कुणी लिहून दिलेलं, आणि 'सर्व्हर' म्हणजे अकाउंटंटच्या टेबलाखालचं, पाय लागून अधूनमधून बंद पडणारं मशीन. रस्त्यापलीकडे एवढी मोठी डेटा सेंटर, आणि इकडे कंपनीचा सगळा हिशेब एका पेन ड्राइव्हवर.

अशा ठिकाणी "हे सगळं वेबवर न्यायचंय, आता तू बघ" असं ज्याला सांगितलं गेलंय त्याच्यासाठी हा लेख आहे. पाच-सहा वर्षं कोडिंग करून पहिल्यांदाच प्रोजेक्ट हाती आलेला कुणी असेल, किंवा कारखान्याच्या ईडीपीत, म्हणजे कॉम्प्युटर विभागात, काम करणारा, ज्याच्याकडे हे काम आपोआप आलं असा कुणी. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. नवं सॉफ्टवेअर बनवणं किंवा विकत घेणं हा यातला सोपा भाग आहे. जुन्यात काय काय भरलंय ते शोधणं आणि शेवटी ते जुनं खरोखर बंद करणं, या दोन ठिकाणी दिवस जातात. वेळेचं आणि पैशांचं वाटप त्या हिशेबानेच करा.

१. कारण लिहून घ्या

मालकांना विचारा, हलवायचं कशासाठी? "सगळे क्लाउडवर चाललेत" हे कारण धरू नका. खरी कारणं साधारण चार प्रकारची असतात.

पहिलं, खालची जमीन सरकली आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला, व्हीबी सिक्सच्या डेव्हलपमेंट टूलचा तर एप्रिल २००८ मध्येच. इंटरनेट एक्सप्लोरर ११ जून २०२२ मध्ये आणि विंडोज १० ऑक्टोबर २०२५ मध्ये निवृत्त झालं. दुसरं, सरकारी जोडण्या. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस लागतं आणि जुन्या सॉफ्टवेअरमधून फाइल काढून पोर्टलवर चढवण्यात एक माणूस रोज अडकलेला असतो. तिसरं, ऑडिट ट्रेल. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहायला हवी आणि ती बंद करता येता कामा नये. चौथं, शेठना घोडबंदर रोडच्या घरून स्टॉक बघायचाय, किंवा तळोज्याला दुसरं युनिट उघडलंय.

फक्त चौथंच कारण असेल तर व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) आणि रिमोट डेस्कटॉप (लांबून ऑफिसचाच पीसी वापरायची सोय) लावून आठवड्यात काम होतं, आणि ते तसं स्पष्ट सांगावं. आपलं बिल लहान होईल, पण हाच माणूस पुढच्या वर्षी खरं काम घेऊन परत येतो.

कारणं एका पानावर लिहून मालकांची सही घ्या. पुढे जेव्हा "हेही घाला" सुरू होतं तेव्हा हेच पान उपयोगी पडतं.

२. ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची टाका

जुन्या सिस्टीमची कागदपत्रं मागितलीत तर बहुधा काही मिळणार नाही. सोर्स कोड मिळालाच, तर रोज चालतो तो प्रोग्राम त्याच कोडवरून बनलाय याची खात्री नसते. मूळ लिहिणारा सापडला तर त्याला मानाने बोलवा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. "फुकट जरा सांगता का" म्हणून फोन करू नका. वीस वर्षांपूर्वीचा एखादा फॉर्म्युला त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नसतो, आणि ते त्यालाही माहीत असतं.

पण खरी सिस्टीम वापरणाऱ्यांच्या बोटांत असते. त्यासाठी मीटिंग बोलावून उपयोग नाही. कॉन्फरन्स रूममध्ये प्रत्येक जण "एंट्री करतो आणि प्रिंट काढतो" एवढंच सांगतो. शेजारी खुर्ची टाकून बसा, काम चालू असताना बसा, आणि गप्प बसा. एका गाळ्यात मी डिस्पॅचच्या काकांशेजारी बसले होते. ते चलन बनवत होते. पार्टीची यादी उघडली तर काही नावांपुढे टिंब.

"काका, हे टिंब कसलं?"

"टिंब म्हणजे आधी पैसे, मग माल. शेठनी सांगितलंय."

"सॉफ्टवेअर अडवतं का मग?"

"सॉफ्टवेअर कशाला अडवेल? टिंब मी बघतो ना, मॅडम."

"आणि तुम्ही रजेवर असलात की?"

"तेव्हा पोरगा फोन करतो मला."

कंपनीचं उधारीचं सगळं धोरण त्या एका टिंबात होतं. कुठल्याही मॅन्युअलमध्ये ते नव्हतं, अकाउंट्समध्येही माहीत नव्हतं. डेटा साफ करताना कुणी हुशार प्रोग्रामरने नावांपुढची चिन्हं उडवली असती तर पहिल्याच आठवड्यात बुडव्या पार्टीला ट्रकभर माल गेला असता.

असली टिंबं प्रत्येक सिस्टीममध्ये असतात. शेरा रकान्यात उधारीचे दिवस लिहिलेले असतात. दर ठरायचा असला की ०.०१ टाकलेला असतो. बंद पडलेल्या आयटमच्या कोडमागे झेड लावलेला असतो. म्हणून विचारायचे प्रश्न असे: हा रकाना रिकामा ठेवला तर काय बिघडतं? हा रिपोर्ट कुणासाठी काढता, आणि उद्यापासून दिलाच नाही तर कोण ओरडेल? कीबोर्डशेजारी ही वही कसली? त्या वहीत सॉफ्टवेअरला न जमलेलं सगळं असतं. परवानगी घेऊन तिचे फोटो काढा.

एक महिनाअखेर पूर्ण बघितल्याशिवाय हा टप्पा संपला म्हणू नका. जमलं तर ३१ मार्चही बघा; स्टॉक मोजणी, बोनसची यादी, सीएंना द्यायची कागदं अशी वर्षातून एकदाच लागणारी कामं तेव्हाच बाहेर येतात. शेवटी एक साधा तक्ता बनवा: कुठला स्क्रीन, कोण वापरतं, केव्हा, त्यात लपलेला नियम काय, आणि पुढे न्यायचा की नाही. अर्ध्याहून जास्त रिपोर्ट कुणी उघडतच नाही असं बहुतेक ठिकाणी दिसतं. ते यादीतून काढायला लावणं हीच मोठी बचत.

३. काय विकत, काय नवं, काय तसंच

तीन रस्ते आहेत, आणि एकाच कंपनीत तिन्ही एकत्र वापरायला हरकत नाही.

जुनं आहे तसं उचलून क्लाउडवरच्या मशीनवर ठेवता येतं. स्वस्त आहे, पण एक पथ्य पाळा. डीबीएफ फाइल (फॉक्सप्रोची डेटा फाइल) क्लाउडच्या फोल्डरमध्ये आणि प्रोग्राम ऑफिसच्या पीसीवर, असं कधी करू नका. फॉक्सप्रो फाइलचे तुकडे नेटवर्कवरून ओढून स्वतःकडे शोध घेतो. लांबच्या लाइनवर तो रांगतो आणि मध्येच तुटलं तर इंडेक्स बिघडतो. प्रोग्राम आणि डेटा एकाच मशीनवर ठेवा, माणसांनी रिमोट डेस्कटॉपने आत यावं.

हिशेब, जीएसटी, पगार हे तयार विकत घ्या. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर यांचे नियम बदलत राहतात, त्यांच्या मागे धावायचं काम दुसऱ्याला करू द्या. कितीही आग्रह झाला तरी पगाराचं सॉफ्टवेअर नव्याने लिहायला घेऊ नका. नवं लिहायचं ते फक्त ज्यावर ही कंपनी चालते तेवढं: जॉबवर्कचा (बाहेर माल पाठवून करून घेतलेल्या कामाचा) हिशेब, दर काढायची पद्धत, प्लॅनिंग.

आणि सगळं एका रात्रीत बदलण्यापेक्षा एकेक भाग सोडवून न्या. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये या पद्धतीला जुन्या झाडाभोवती वाढत जाणाऱ्या एका अंजीरवर्गीय झाडाचं नाव दिलं होतं. आपण जुन्या वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ डोळ्यांपुढे आणावा. पहिला भाग असा निवडा की बिघडला तरी बिल थांबणार नाही. गेट इनवर्ड (गेटवर आलेल्या मालाची नोंद) किंवा नुसता स्टॉक बघण्याचा स्क्रीन चालेल. मात्र मधल्या काळात कुठल्याही माहितीचा मालक एकच ठेवा. नवी पार्टी उघडायची ती फक्त जुन्यात, किंवा फक्त नव्यात. दुसरीकडे रात्री नक्कल जाईल. दोन्हीकडे उघडायला परवानगी दिलीत की महिनाभरात एका पार्टीची दोन खाती होतात आणि थकबाकी कुणाचीच जुळत नाही.

४. कागद

हा भाग थोडक्यात. पैशांचे टप्पे "५० टक्के काम झालं" असे ठेवू नका. "डेटा हलवण्याची दुसरी तालीम ट्रायल बॅलन्सशी (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या तक्त्याशी) जुळली", "डिस्पॅचने एक पूर्ण दिवस नव्यावर चलनं काढली" असे डोळ्यांना दिसणारे ठेवा. क्लाउडचं खातं आणि डोमेन ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या ईमेलवर घ्या. व्हेंडर बदलताना डोमेनसाठी चाललेली भांडणं मी पुरेशी पाहिली आहेत. तयार सॉफ्टवेअर घेत असाल तर सोडून जाताना सगळा डेटा कुठल्या स्वरूपात मिळेल हे करारात असू द्या.

"एवढंच तर आहे, करून टाका हो" हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येणार. करा, फुकटही करा, पण त्याच दिवशी यादीत चढवा: काय, कुणी मागितलं, किती दिवस लागतील. ती यादी मालकांना महिन्यातून एकदा दाखवा.

५. डेटा

इथे घाई केलीत की पुढे सगळीकडे भोगावं लागतं.

डीबीएफमध्ये रेकॉर्ड डिलीट केलं तरी ते पुसलं जात नाही. त्यावर फक्त खूण पडते, आणि पॅक कमांड दिल्यावरच ते खरोखर जातं. जुना प्रोग्राम ती खूण बघून रेकॉर्ड लपवत असतो. तुमच्या टूलने खूण बघितली नाही तर दहा वर्षांपूर्वी रद्द केलेली बिलं जिवंत होऊन थकबाकीत बसतात. तसंच, रकान्याच्या रुंदीत न मावलेल्या आकड्याच्या जागी नुसते तारे दिसतात. तो आकडा मूळ कागदावरूनच भरावा लागेल. वर्ष दोन आकडी असेल तर ४७ म्हणजे १९४७ की २०४७, हे प्रत्येक रकान्यासाठी वेगळं ठरवा. जन्मतारखेचा नियम आणि वॉरंटीचा नियम एक असूच शकत नाही.

पार्टी मास्टरमध्ये, म्हणजे पार्ट्यांच्या मूळ यादीत, एकच गिऱ्हाईक चार स्पेलिंगांनी असतं. नाव जुळवत बसू नका, जीएसटी क्रमांक धरा. १५ अक्षरांत पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७. पुढची दहा म्हणजे पॅन. शेवटचं अक्षर तपासणीचं, त्यावरून चुकीचा क्रमांक लगेच पकडता येतो. पॅनवर गट पाडले की जुळी खाती समोर येतात. ती एकत्र करायची की नाही हे मात्र अकाउंट्स ठरवेल, तुम्ही नाही. एकाच पॅनवर रबाळे आणि भिवंडी अशी दोन ठिकाणं मुद्दाम वेगळी ठेवलेली असू शकतात.

मराठी नावं असतील तर आणखी एक दिवस धरा. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये भरलेला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांचे कोड असतो. फॉन्ट काढला की नुसती रांगोळी उरते. युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते प्रत्येक फॉन्टचे वेगळे, आणि जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असल्याने जोडाक्षरांत ती भलत्याच जागी बसते. तपासायला गोऱ्हे, कुऱ्हाडे, क्षीरसागर, ॲड., विश्वनाथ अशी नावं मुद्दाम निवडा. नव्या डेटाबेसमध्येही बघा: एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना एनव्हारकॅर नसेल तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ओरॅकलमध्ये ३० ची रुंदी सहसा बाइटमध्ये मोजली जाते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून दहाच चिन्हं मावली.

किती जुनं न्यायचं? माझा कल कमीकडे आहे. सुरुवातीच्या शिलका, उघडे राहिलेले सगळे व्यवहार, आणि चालू धरून दोन-तीन वर्षं. उघड्या व्यवहारांत बाहेर गेलेली जॉबवर्कची चलनं विसरू नका, आणि ती मूळ तारखेसकट आणा. कच्चा माल एका वर्षात परत आला नाही तर जीएसटीत तो पुरवठा धरला जातो. बाकी इतिहास नुसता वाचण्यापुरता बाजूला ठेवा. फेकून देता येणार नाही, कारण जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने आणि कंपनीचे हिशेब आठ आर्थिक वर्षं जपावे लागतात.

डेटा हलवणं हाताने करू नका, स्क्रिप्टने करा, आणि किमान तीन तालमी करा. प्रत्येक तालमीनंतर एकाच तारखेची ट्रायल बॅलन्स, पार्टीवार थकबाकी आणि आयटमवार स्टॉक दोन्हीकडून काढून पैशापर्यंत जुळवा. "पाच रुपयांचाच फरक आहे, सोडा" असं अकाउंटंट स्वतः म्हणेल. सोडू नका. पाच रुपये म्हणजे कधी कधी एका बाजूला दोन लाख जास्त आणि दुसऱ्या बाजूला एक लाख नव्व्याण्णव हजार नऊशे पंच्याण्णव कमी असतात. तालमीला लागलेला वेळ घड्याळ लावून लिहा, शेवटच्या रात्री तोच आकडा लागतो.

६. प्रिंटर, काटा, लाइन

वेबचा डेमो झकास होतो आणि गेटवर गाडी अडते, ती प्रिंटरमुळे. जुना प्रोग्राम डॉट मॅट्रिक्सला थेट अक्षरं पाठवायचा. चार प्रतींचं छापील चलन सर्रकन बाहेर यायचं. ब्राउझर पानाचं चित्र पाठवतो. प्रिंटर तेच चलन कुरकुरत मिनिटभर छापतो आणि ओळी चौकटीबाहेर जातात. उपाय दोन: त्या पीसीवर एक छोटा प्रिंट एजंट बसवा, तो जुन्या पद्धतीने मजकूर पाठवेल, किंवा लेझरवर चार प्रती काढा. दुसऱ्या उपायाला ड्रायव्हर, सिक्युरिटी आणि पार्टी अशा तिघांचीही हरकत असू शकते, आधी विचारा.

वजनकाटा सीरियल केबलवर असतो. क्रोमच्या ८९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, ब्राउझरला सीरियल पोर्ट वाचता येतो, पण साइट एचटीटीपीएसवर हवी आणि पोर्टला माणसाने परवानगी द्यायला हवी. काट्याच्या केबिनमधला पीसी त्या लायकीचा आहे का, हे महापेच्या ऑफिसात बसून कळत नाही. जाऊन बघा. बारकोड, हजेरीचं मशीन, लेबल प्रिंटर यांची यादीही याच फेरीत करा.

इंटरनेटच्या दोन लाइन घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि दोन्ही एकाच खांबावरून येत नाहीत ना ते बघा. पावसाळ्याआधी रस्ते खोदले जातात तेव्हा फायबर तुटतोच. तुमच्या भागात महावितरणचं देखभालीचं काम कुठल्या वारी असतं ते विचारा. राउटर आणि गेटचा पीसी यूपीएसवर असू द्या. लाइन पूर्ण गेली तर गाडी सोडता यावी म्हणून छापील चलनबुकं गेटवर ठेवा. सर्व्हरसाठी क्लाउड कंपनीचं मुंबई रीजन (मुंबईतली डेटा सेंटर) निवडा. मोठ्या तिन्ही क्लाउड कंपन्यांची सोय मुंबईत आहे, ॲमेझॉनची २०१६ पासून, आणि ठाण्याहून तिथवरचा उशीर जाणवत नाही.

सुरक्षेचं एवढंच लक्षात ठेवा की कालपर्यंत गाळ्यात बंद असलेलं सॉफ्टवेअर आता जगासमोर दार उघडून बसणार आहे. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. "सगळे ॲडमिननेच जातो" ही सवय राहिली तर कायद्याने मागितलेल्या ऑडिट ट्रेलमध्ये प्रत्येक बदलापुढे ॲडमिनच दिसेल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कळवणार कोण, त्याचं नाव आजच ठरवा. आणि टेस्टिंगसाठी खऱ्या पगाराची फाइल कुणाच्या लॅपटॉपवर जाऊ देऊ नका.

७. एंटर की आणि माणसं

जुन्या सॉफ्टवेअरवर वीस वर्षं काम केलेली अकाउंटंट स्क्रीनकडे बघतही नाही. एंटर, एंटर, आकडा, एंटर, एफ टेन. वेब फॉर्ममध्ये एंटर दाबलं की अर्धवट बिल सेव्ह होतं, आणि पुढच्या रकान्यात जायला टॅब लागतो. तिचा वेग निम्म्यावर येतो आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या ऑफिसला कळतं की नवं सॉफ्टवेअर भंगार आहे. एंट्रीच्या स्क्रीनवर एंटरने पुढे जायची सोय आणि जुन्याच फंक्शन की द्या. डेव्हलपर म्हणतील वेबवर असं नसतं. तरी करून घ्या. तारखाही दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने, बाण न दाबता टाइप करता आल्या पाहिजेत.

चाचणीला त्याच माणसांना बसवा, त्यांच्याच कालच्या कागदांवर. टीमने बनवलेल्या नमुना डेटावरची चाचणी नेहमी पास होते. ज्या काकांनी टिंब सांगितलं त्यांच्याकडूनच ट्रेनिंग द्यायला लावा. शिकवणारा आपला असला की विरोध निम्मा होतो, आणि नोकरी जाण्याची भीती असलेल्या माणसाला कळतं की आपली गरज आहे.

८. तारीख

३१ मार्चची रात्र सगळ्यांना आवडते, कारण नवं वर्ष नव्या शिलकांनी सुरू होतं. पण तेव्हाच अकाउंट्स सगळ्यात दमलेलं असतं, आणि शेवटच्या शिलका ऑडिट होईपर्यंत हलतातच. मला महिन्याची सुरुवात चालते, १ ऑक्टोबर किंवा १ जुलै. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या दिवसांत, काही बदलू नका. गणपतीत तर विषयच नको. अर्धा स्टाफ कोकणात गेलेला असतो आणि फोन लागला तरी आरतीचा आवाज येतो. शेठना दसऱ्याचा मुहूर्त हवा असेल तर त्या दिवशी पूजा करा, एक गेट पास नव्यावर काढा, पेढे वाटा. बाकी सगळं ठरल्या तारखेला.

एका वीकेंडला सगळं हलवण्याचा नाद कुठवर नेतो, त्याचं ठळक उदाहरण ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी सुमारे ५० लाख ग्राहकांचा डेटा एकदम नव्या सिस्टीमवर नेला. डेटा पोचला, पण सिस्टीम भार पेलेना. सुमारे १९ लाख लोकांना खात्यात शिरता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड केला.

काही दिवस दोन्ही सिस्टीम सोबत चालवायच्या असतील तर एक महिनाअखेर पुरे. दुप्पट एंट्री ऑपरेटरच करणार असतो, त्याचा ओव्हरटाइम बजेटमध्ये धरा. आणि ई-इनव्हॉइस पोर्टलला फक्त एकच सिस्टीम जोडलेली ठेवा. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरून आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक, बनतो. तोच नंबर दुसऱ्यांदा गेला की पोर्टल परतवतं, आणि रद्द केलेला नंबर परत वापरता येत नाही. रद्द करायलाही २४ तासच मिळतात. त्यामुळे वर्षाच्या मध्ये हलवत असाल तर नव्या बिलांना वेगळी सीरीज द्या. नियमाला एकाहून जास्त सीरीज चालतात. नंबर १६ अक्षरांत बसावा आणि त्या वर्षात पुन्हा येऊ नये एवढंच.

बदलाच्या वीकेंडसाठी तासवार कागद बनवा आणि त्यात परत फिरण्याची वेळ लिहा. उदाहरणार्थ, रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत थकबाकी आणि स्टॉक जुळला नाही तर सोमवारी सकाळी जुनंच चालेल. हा निर्णय कोण घेणार, त्या एकाच माणसाचं नाव वर लिहा. रात्री अकरा वाजता चहावर चर्चा करून ठरवायची ही गोष्ट नाही.

९. जुनं बंद करणं

पहिले दोन आठवडे तुमची जागा गेटवर आणि अकाउंट्समध्ये. आलेल्या तक्रारी तीन रकान्यांत टाका: काम अडलं, काम हळू झालं, नवी मागणी. तिसऱ्या रकान्याला महिनाभर हात लावू नका.

आणि जुन्या सिस्टीममध्ये लिहिण्याचा हक्क पहिल्याच दिवशी काढून घ्या. नुसतं "आता वापरू नका" सांगून भागत नाही. घाईच्या वेळी कुणीतरी सवयीने तिकडे चलन काढतं, आणि ते महिनाअखेरीला सापडतं. बघायला चालू ठेवा, पण ज्याला बघायचंय त्याचं नाव लिहून. दोन महिनाअखेरी सुरळीत गेल्या की जुनी एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), जुन्या मशीनसाठी राउटरवर उघडलेले पोर्ट, रात्रीचा पेन ड्राइव्ह बॅकअप, एकेक करून थांबवा. तुमच्या बिलाचा शेवटचा हप्ता याच टप्प्याला बांधलेला असू द्या, नाहीतर दोन्ही सिस्टीम वर्षानुवर्षं शेजारी चालतात आणि दोन्हींचा खर्च कंपनी भरत राहते.

थांबवण्यापूर्वी जुन्या मशीनची पूर्ण नक्कल व्हर्च्युअल मशीन म्हणून काढा, विंडोज आणि प्रोग्रामसकट, कारण नुसत्या डीबीएफ फाइली सहा वर्षांनी जीएसटीच्या नोटिशीला उत्तर देताना कामाच्या नसतात. ती इंटरनेटला जोडू नका. डोंगल (सॉफ्टवेअर चालू व्हायला मशीनला लावावी लागणारी किल्ली) लागत असेल तर त्याच्यावर लेबल चिकटवा. दोन प्रती करा, एक ऑफिसात, एक बाहेर, आणि दर सहा महिन्यांनी ती उघडून एक जुनं बिल छापून बघण्याचं काम अकाउंट्समधल्या कुणाच्या तरी नावावर लावून द्या.